चौदा दात आणि पूर्ण फ्रेम

दुपारी अडीच वाजता डॉक्टरांनी नवा कॅमेरा गळ्यात अडकवला, बाह्या वर सारल्या आणि जाहीर केलं, "सिस्टर, पाच फोटो काढायचेत. पाचच. दहा मिनिटांचं काम."

सिस्टर या दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं होत्या. डॉक्टर ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणाले की त्या आधी पोटभर पाणी पिऊन घ्यायच्या आणि खुर्चीवरच्या पेशंटलाही पाजायच्या. आज त्यांनी दोन पेले भरून आणले.

खुर्चीवर होते स्टेशनकाका. आगगाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आवाज असा खणखणीत, की गाडी उशिरा येणार हेसुद्धा लोक मान डोलावून ऐकायचे. पण पुढचे दात हलायला लागले, मग एकेक करून गेले, आणि काकांचे ‘श’ आणि ‘स’ शिट्टी मारायला लागले. गाडी यायच्या आधीच शिट्टी वाजते म्हणून फलाटावर लोक हसू लागले. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना काकांना माइकवरून उठवलं आणि पार्सलच्या खिडकीत नेऊन बसवलं. तेव्हापासून काका कुणाशीही बोलताना तोंडावर हात धरत.

त्या तोंडात डॉक्टरांनी तीन वर्षं खपून चौदा दात उभे केले होते. चौदावा, म्हणजे अगदी शेवटची खालची दाढ, काल बसली. आणि आता ही चौदा दातांची कहाणी दंतवैद्यांच्या परिषदेत मांडायचीच, असा डॉक्टरांनी चंग बांधला होता. निवड समितीचा अध्यक्ष कोण, तर त्यांचाच कॉलेजातला वर्गमित्र. दरवर्षी परिषदेत हा गृहस्थ व्यासपीठावर आणि आपले डॉक्टर सातव्या रांगेत, खांबाच्या मागे. यंदा त्याच्या नाकावर टिच्चून व्यासपीठावर चढायचं होतं.

अट एकच. उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच मापाचे, एकाच कोनातून हवेत, आणि शेवटची दाढसुद्धा स्वच्छ दिसली पाहिजे. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. काकांची गाडी होती चार चाळीसची. ते लेकीकडे सहा महिने राहायला निघाले होते, बॅग दवाखान्याच्या दारातच ठेवलेली. म्हणजे फोटो आज झाले तर झाले, नाहीतर यंदाही सातवी रांग आणि खांब.

आता आधीचे फोटो ज्या कॅमेऱ्याने काढले होते, तो अकरा वर्षं जुना. क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे आतली चित्र पडायची चौकोनी चकती जरा लहान असलेला. त्याच्या लेन्सच्या कड्यावर सिस्टरांनी आपल्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावून दिला होता. कडं ठिपक्यावर आणायचं, दात स्पष्ट दिसेपर्यंत आपण पुढेमागे व्हायचं आणि बटण दाबायचं. लेन्सच्या तोंडावर गोल फ्लॅश बसवलेला असे, त्यामुळे उजेड थेट घशापर्यंत. फोटोग्राफीतलं डॉक्टरांचं सगळं ज्ञान एवढंच होतं आणि अकरा वर्षं ते पुरलं होतं.

पण आठ दिवसांपूर्वी मेहुणेबुवा आले. मेहुणेबुवा म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचे धाकटे बंधू. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद, आणि त्याहून मोठा नाद कॅमेऱ्यांवर बोलायचा. दवाखान्यात आले की ते दाराला टेकून उभे राहत, खुर्चीच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. त्यांच्या उजव्या दाढेचं काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गेली पाच वर्षं ते सगळं डावीकडूनच चावत होते. विषय काढला की म्हणत, "छे हो, सवय आहे."

"भाऊजी, तुम्ही अजून क्रॉप सेन्सरवर?" त्या दिवशी ते दारातूनच कळवळले. "अहो, मोठ्या चकतीची पूर्ण फ्रेम आता किती आवाक्यात आलीय! मिररलेस, आत आरसाच नाही, म्हणून हलकी, सुबक. भलीमोठी खिडकी उघडी असताना तुम्ही फटीतून का बघताय?"

"मला तोंडातच बघायचं असतं रे. ते मुळात फटीएवढंच असतं."

"तुमचे ते वर्गमित्र कशावर काढतात?"

इथे मेहुणेबुवांनी नेमकी दुखरी नस पकडली. वर्गमित्र कशावर काढतात हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, पण ते लहान चकतीवर नक्कीच काढत नसणार. पुढच्या पाच मिनिटांत सौदा ठरला. मेहुणेबुवांच्या ओळखीच्या एका माणसाकडे जवळजवळ कोरा पूर्ण फ्रेमचा कॅमेरा होता. "अगदी हळुवार हाताचा माणूस," असं मेहुणेबुवांनी दोनदा सांगितलं. तो कॅमेरा दुसऱ्याच दिवशी आला. "आणि या जुन्या डब्याची विल्हेवाट मी लावतो, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका," असं म्हणत ते जुना घेऊन गेलेसुद्धा. लेन्स आणि गोल फ्लॅश तेवढे कपाटात राहिले.

तर असे हे मेहुणेबुवा आज तांत्रिक सल्लागार म्हणून निळी पिशवी खांद्याला लावून दाराशी हजर होते.

"डॉक्टर, एक सांगायचं होतं," काका तोंडावर हात धरून म्हणाले. "आज सकाळी तळ्यावर फिरायला गेलो होतो, तर तिथे हे तुमचे—"

"नंतर, नंतर! काका, आ करा बघू," मेहुणेबुवा एकदम घाईला आले. "भाऊजी, उशीर होतोय. लावा ते गालाचं!"

डॉक्टरांनाही ते पटलं. गाल दोन्हीकडे ओढून धरणारं प्लॅस्टिकचं साधन सिस्टरांनी काकांच्या तोंडात बसवलं आणि काकांचं बोलणं तिथेच संपलं.

पहिला फोटो निघाला. पडद्यावर दात होते, पण भोवताली चारी कोपरे काळे. विहिरीत वाकून कुणाची तरी बत्तिशी बघावी तसं दिसत होतं.

"हे काय रे?"

"लेन्स जुनी ना, भाऊजी. लहान चकतीसाठी केलेली. तिचा उजेड मोठ्या चकतीच्या कडांपर्यंत पोचतच नाही."

"मग?"

"कॅमेरा तसा शहाणा आहे. अशी लेन्स लावली की तो आपोआप कडा छाटतो. पण मी ते बंद करून टाकलं."

"का?"

"भाऊजी!" मेहुणेबुवा दुखावले. "कडाच छाटायच्या, तर पूर्ण फ्रेम घेतली कशाला? तो अपमान आहे सेन्सरचा."

"सेन्सरची मी नंतर माफी मागेन. आधी ते चालू कर."

मेहुणेबुवांनी मेन्यू उघडला. एका पानातून दुसरं, दुसऱ्यातून नववं. काका आ करून छताकडे बघत होते. दहा मिनिटांनी कॅमेरा दर वेळी टुण् असा आवाज करायला लागला, पडदा उलटा दिसायला लागला, पण ती ओळ काही सापडली नाही.

"राहू दे," मेहुणेबुवा म्हणाले. "मी मित्राची मोठी लेन्स आणलीच आहे. खास पूर्ण फ्रेमची."

"आं," काका म्हणाले. "आं आं आं." आणि त्यांनी निळ्या पिशवीकडे बोट केलं.

"हो काका, त्याच पिशवीत आहे लेन्स, काढतोय तो," डॉक्टर समजुतीने म्हणाले. काकांनी जोरजोरात मान हलवली. सिस्टरांनी ती हळुवारपणे सरळ करून ठेवली.

मोठी लेन्स खरोखरच मोठी होती. कोपरे उजळले. पण आता चित्रात दातांबरोबर नाक, हनुवटी आणि काकांची कॉलरही यायला लागली. जुन्या मापाएवढे दात दिसायला हवेत म्हणून डॉक्टर पुढे सरकले. आणखी सरकले. इतके सरकले की काकांचा श्वास लेन्सवर बसू लागला. समोरचे दात झकास आले, आणि मागची दाढ धुक्यात गेली.

"माझी दाढ कुठाय?" डॉक्टर ओरडले. काकांची म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"हीच तर पूर्ण फ्रेमची गंमत!" मेहुणेबुवा हरखले. "बघा, मागचं कसं विरघळतं. लोक याच्यासाठी जीव टाकतात."

"तीन वर्षं मी ती दाढ विरघळावी म्हणून बसवली का रे?"

"मग लेन्सचं छिद्र बारीक करा. मागचंही स्पष्ट येईल."

छिद्र बारीक केलं. मागचं स्पष्ट आलं असेलही, पण कळायला मार्ग नव्हता, कारण सगळाच अंधार झाला. गोल फ्लॅश लावावा, तर मोठ्या लेन्सच्या तोंडावर तो बसेना. सिस्टरांनी तो चिकटपट्टीने बांधून दिला. तो अडीच सेकंद टिकला आणि काकांच्या पोटावर पडला. काका म्हणाले, "आं!" हे मात्र सगळ्यांना समजलं.

"दिवा ओढा खाली," डॉक्टरांनी फर्मावलं. वरचा मोठा दिवा तोंडाशी आणला. त्या उजेडात चौदाच्या चौदा दात असे पिवळेधमक आले, की डॉक्टरांना ते आपले वाटेनात. एकेका दाताचा रंग जुळवायला त्यांनी काकांना खिडकीपाशी उभं करून तास तास घालवले होते.

"रंग मी कंप्युटरवर सुधारतो," मेहुणेबुवा म्हणाले. "पण फोटो हललाय. बारीक छिद्र, कमी उजेड, हात थरथरणारच. कॅमेऱ्याला तिपाई लावायला हवी."

साडेतीन वाजले होते. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. डॉक्टर थांबणाऱ्यांपैकी नव्हते. दाढ काढताना मूळ अडलं, की त्यांचे ओठ घट्ट मिटत आणि मग ते मूळ बाहेर आल्याशिवाय उघडत नसत. आत्ता ते तसेच मिटले होते.

तिपाई आली. खुर्चीच्या अवतीभवती जागा ती केवढी! एक पाय सिस्टरांच्या ट्रॉलीखाली, एक डॉक्टरांच्या स्टुलाला टेकवून आणि तिसरा खाली जिथे मावला तिथे मेहुणेबुवांनी रोवला, तोही हात लांब करून, कारण खुर्चीच्या फार जवळ जायची त्यांची तयारी नव्हती. डॉक्टरांनी एक डोळा मिटला. दाढ दिसली. स्पष्ट दिसली. आणि बघता बघता पुसट झाली.

त्यांनी कडं फिरवलं. पुन्हा स्पष्ट, पुन्हा पुसट.

"काका, हलू नका."

"आं आं!"

"सिस्टर, त्यांना सांगा स्थिर राहायला."

"ते स्थिरच आहेत, डॉक्टर," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "खुर्ची चाललीय."

डॉक्टरांनी दुसरा डोळा उघडला. तिपाईचा तिसरा पाय खुर्चीच्या पेडलवर रोवलेला होता. खुर्ची इमानेइतबारे आपलं काम करत होती. काकांचं डोकं जमिनीकडे निघालं होतं, बूट दिव्याच्या दिशेने चालले होते आणि दोन्ही हात हवेत काहीतरी धरायला शोधत होते. शेवटी त्यांना मेहुणेबुवांच्या निळ्या पिशवीचा पट्टा सापडला.

"पिशवी सोडा, काका!" मेहुणेबुवा किंचाळले.

काकांनी सोडली नाही. सिस्टरांनी पायाने तिपाई उडवली, पेडल सुटलं आणि खुर्ची थांबली. काका उताणे, पाय वर, पिशवी छातीशी. त्यांनी एका हाताने तोंडातलं प्लॅस्टिकचं साधन उपसून काढलं, खाली ठेवलं, आणि घसा खाकरला.

मग दवाखान्यात एक आवाज घुमला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! डॉक्टरसाहेबांचा जुना कॅमेरा सध्या याच निळ्या पिशवीत विसावला आहे. आज सकाळी सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी सदर कॅमेरा तळ्याच्या उत्तर काठावर पक्ष्यांचे फोटो काढताना आढळला. सोबत डॉक्टरसाहेबांचे मेहुणे होते. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

बाहेर बसलेले दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले. सिस्टरांच्या हातातला पेला तसाच राहिला. मेहुणेबुवांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण डॉक्टर त्यांच्याकडे बघतच नव्हते.

"काका," ते हळूच म्हणाले, "पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"ते, ‘निळ्या पिशवीत’. ‘सहा वाजून सत्तावीस’. ‘सदर’."

काका म्हणाले. एकदा, मग जरा मोठ्याने पुन्हा एकदा. एकही शिट्टी नाही. ‘श’ जिथल्या तिथे, ‘स’ जिथल्या तिथे. तोंडावर हात धरायचं काका विसरले होते, आणि ते त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरांचेही आले, पण ते आधी पिशवीकडे वळले.

पिशवीत तोच होता. अकरा वर्षांचा, कोपऱ्यात खरचटलेला, पुढे मेहुणेबुवांची हातभर लांब पक्ष्यांची लेन्स.

"विल्हेवाट लावलीस होय रे याची?"

"म्हणजे भाऊजी, त्याचं काय आहे," मेहुणेबुवा दाराच्या चौकटीशी बोलू लागले, "पक्षी असतात लांब. पूर्ण फ्रेमवर खंड्या येतो मुगाएवढा. याची चकती लहान, त्यामुळे त्याच लेन्समधून तोच खंड्या चित्रात चांगला पोपटाएवढा भरतो."

"आणि हा नवा कॅमेरा? तो हळुवार हाताचा, ओळखीचा माणूस कोण?"

"आता मी मला ओळखतोच की, भाऊजी. यात खोटं काय?"

सिस्टर वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून हसल्या. घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. डॉक्टरांनी पक्ष्यांची लेन्स काढून मेहुण्याच्या हातात कोंबली, कपाटातली आपली जुनी लेन्स चढवली, गोल फ्लॅश खटकन बसला, कडं लाल ठिपक्यावर आलं. "आ करा, काका." पुढून, उजवीकडून, डावीकडून, वरची ओळ, खालची ओळ. शेवटची दाढ अशी दिसली, की तिच्यावरच्या खाचाही मोजता याव्यात. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

"दहा मिनिटांचं म्हणाले होते," सिस्टर म्हणाल्या. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

काका बॅग उचलून निघाले आणि दारात घुटमळले. "डॉक्टर, माझाही एक काढता का? नुसता चेहरा. मुलाकडच्या नातीला दात असलेला माझा फोटो पाठवायचाय. तिने मला कायम हाताआडच बघितलंय."

डॉक्टरांनी जुना कॅमेरा उचलला, क्षणभर थांबले, आणि तो ठेवून नवा घेतला. मोठी लेन्स तीच. काकांना खिडकीपाशी उभं केलं. सवयीने हात तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यावरून खाली आला. मागचं कपाट, दिवा, उलटलेली तिपाई, सगळं मऊ धुक्यात विरघळलं आणि मधोमध राहिले फक्त काका, तोंडभर हसणारे.

"बघा!" मेहुणेबुवा दारातून न राहवून म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

"तू गप्प बस," डॉक्टर म्हणाले. पण फोटोवरून त्यांची नजर हटत नव्हती.

काकांना गाडी मिळाली. पाचला सात मिनिटं कमी असताना डॉक्टरांनी जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड कंप्युटरला लावलं, शेवटचे फोटो घाईघाईने ओढून समितीच्या पत्राला जोडले आणि पाठवून दिले.

आठ दिवसांनी समितीचं उत्तर आलं. डॉक्टरांनी ते सिस्टरांना उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं.

"‘आपली केस एकमताने निवडली असून ती पहिल्याच सत्रात, मुख्य व्यासपीठावर मांडावी. पहिल्या पाच फोटोंतला रुग्ण उत्तम बरा झालेला दिसतो. सहाव्या फोटोतला रुग्ण मात्र संपूर्ण दंतहीन असून त्याच्या तोंडात मासा आहे. त्याच्यावर उपचार कधी सुरू करताय ते कळवावे.’"

डॉक्टरांनी धावत जाऊन पाठवलेले फोटो उघडले. सहावा होता मेहुणेबुवांचा खंड्या, चोचीत मासोळी धरून फांदीवर बसलेला. पत्राच्या तळाशी वर्गमित्राने स्वतःच्या हाताने दोन ओळी जोडल्या होत्या. ‘कुठला कॅमेरा वापरतोस रे? मी गेल्या महिन्यात पूर्ण फ्रेम घेतली. मागच्या दाढा दिसायलाच तयार नाहीत.’

डॉक्टर खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. वर्गमित्राला त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, नेलपॉलिशच्या ठिपक्यासकट.

त्या शनिवारी मेहुणेबुवा आले. दाराला टेकून उभे राहिले, छताकडे बघितलं, भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघितलं.

"भाऊजी, खंड्याने पिल्लं काढलीत म्हणे तळ्यावर. उद्या एक दिवस तो जुना कॅमेरा मिळाला असता तर..."

"मिळेल की," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जुना कॅमेरा कपाटातून काढला, पट्टा नीट गुंडाळला आणि पेशंटच्या खुर्चीच्या पलीकडे, खिडकीत ठेवला. मग हातमोजे चढवले.

मेहुणेबुवांनी दोन पावलं आत येऊन कॅमेऱ्याकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. मागे वळून बघितलं, तर सिस्टर दार लावून त्याला पाठ टेकून उभ्या होत्या, हातात पाण्याचे दोन पेले.

"घाबरू नकोस," डॉक्टर म्हणाले. त्यांचे ओठ घट्ट मिटायच्या बेतात होते. "ओळखीचाच माणूस आहे. अगदी हळुवार हाताचा. बस. आ कर."